माझ्या वाट्यात पुरलेलं बनियन

पोत्याची गाठ माझी नव्हती. डोळ्याचं ऑपरेशन करून मी बहिणीकडून परत आले, डोळ्यावर काळा चष्मा, त्यात कोठीची खोली अंधारी, तरी मला दारातूनच कळलं. मी गाठ मारते ती घट्ट, आणि दोरीचं टोक आत खोचून ठेवते. ही कुणीतरी घाईघाईत मारलेली, टोक बाहेर लोंबत होतं. आता चिंध्यांच्या पोत्याला बाहेरचा चोर कशाला हात लावतोय? म्हणजे हे काम घरातलंच.

आणि घरात माणसं ती किती, मी आणि माझी धाकटी जाऊ. माझे हे जाऊन बरीच वर्षं झाली. दीर बोटीवर, इंजिनाच्या खोलीत. वर्षातून एकदा उगवतात, चार दिवस झोपून काढतात आणि पुन्हा जातात. घराच्या मधोमध भिंत आहे, स्वयंपाकघरं दोन, अंगण आणि कोठी तेवढी सामाईक. शेताचंही तसंच. मधे बांध, अलीकडचं अर्धं माझं, पलीकडचं तिचं. मला मूलबाळ नाही. तो अर्धा तुकडा आहे म्हणून मी कुणाच्या ताटाखालचं मांजर नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तिलाही.

मी पोतं सोडलं आणि तळापर्यंत हात घातला. जे चाचपत होते ते नव्हतं. पुन्हा सगळ्या चिंध्या बाहेर काढल्या, एकेक झटकून पाहिली. नव्हतंच.

आता सांगायलाच हवं. हे गेले तेव्हा मी त्यांचे सगळे कपडे वाटून टाकले, शर्ट, पँट, चपलासुद्धा. लोक म्हणाले, बाई धीराची आहे. असू दे, म्हणू देत. पण दोन बनियनं मी ठेवली होती. जुनी, सुती, धुऊन धुऊन पातळ झालेली, बगलेत फाटलेली. ती मीच रफू केली होती, पोती शिवायच्या निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने, कारण पांढरा दोरा संपला होता आणि मला दुकानात जायचा कंटाळा आला होता. हे म्हणाले, टोचतंय गं. मी म्हटलं, मग उघडे फिरा. तर घातली त्यांनी, शेवटपर्यंत. कपाटात ठेवली असती तर कुणाच्या तरी नजरेला पडली असती, आणि मग ‘बिचारी’ म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवायला गाव लोटला असता. मला ते चालत नाही. चिंध्यांच्या पोत्यात कोण बघतं, म्हणून तळाला टाकली. कधीतरी पोतं उघडायचं, हात घालायचा, आहेत ना बघायचं, बंद करायचं. बास, एवढंच.

म्हणजे बघा माझी पंचाईत. धाकटीला ‘बनियनं कुठे गेली’ असं विचारायचं, तर आधी ती होती हे कबूल करायला हवं. मी मूग गिळून बसले.

पण डोकं थोडंच गप्प बसतंय? तिला मेलेल्या माणसाची बनियनं कशाला हवीत? फरशी पुसायला म्हणाल, तर वर ढीगभर चिंध्या होत्या, तळाशी हात घालायचं कारण काय? आणि नेमकी मी नसताना.

त्यात ऑपरेशनच्या आधीचं तिचं बोलणं आठवलं. चहाचा कप स्वतःहून आणून दिला होता तिने, तेव्हाच मला वास यायला हवा होता. म्हणाली, “ताई, पुढच्या हंगामात तुमचा वाटा मला द्या. एक हंगाम त्यात विकायचं पीक नको. ताग, चवळी, मोहरी मिसळून पेरते, फुलावर आलं की कापून जमिनीवरच अंथरते. माती सुधारेल.”

“म्हणजे पेरायचं आणि घरी काहीच आणायचं नाही?”

“जमिनीला खायला घालायचं.”

“जमीन आपल्याला खायला घालते, बाई. उलटं कधीपासून झालं?”

ती हसली आणि म्हणाली, परत आलात की विचार करून सांगा. साखर पेरून गेली. मी तेव्हाच ठरवलं होतं की उत्तर नाही असं द्यायचं, फक्त कारण सापडत नव्हतं.

तिच्या वाट्यात ती हा उद्योग आधीपासूनच करत होती. नुसतं रान माजलेलं. पिवळी फुलं, जांभळी फुलं, एकात एक गुंतलेलं, माणूस आत शिरला तर दिसू नये. आणि ऐन फुलावर आलेलं ते पीक तिने आडवं केलं होतं. मी आले तेव्हा तो सगळा हिरवा पसारा जमिनीवर पडून तपकिरी झालेला. भरल्या ताटावरून कुणाला उठवावं तसं वाटलं मला. माझा वाटा बघा आणि तिचा बघा. ह्यांनी जमीन कशी ठेवली होती, गवताची काडी दिसायची नाही. सारवलेल्या ओसरीसारखी स्वच्छ. लोक रस्त्यावर थांबून बघायचे. हे गेल्यावर मी ते सोडलं नाही. खुरपं घेऊन रोज बसले, पाठ मोडली तरी बसले. मी बहिणीकडे असताना धाकटीने बायका लावून ते तसंच साफ ठेवलं होतं, हे मात्र खरं. तेही मला खटकलं. स्वतःच्या वाट्यात रान माजवणारी बाई माझा वाटा एवढा का सांभाळते? जो माल आपला होणार, तोच माणूस सांभाळतो.

डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. मग काय, बांधाच्या टोकाशी खुर्ची टाकून काळा चष्मा लावून बसायचे. काळ्या चष्म्याचा एक फायदा आहे, आपण कुणाकडे बघतोय ते समोरच्याला कळत नाही.

तिथेच टकल्या आला एकदा. हा आमच्याकडचा ट्रॅक्टरवाला, सगळ्यांची नांगरट तोच करतो आणि सगळ्यांच्या बातम्याही तोच वाहतो. ट्रॅक्टर बंद न करताच म्हणाला, “काकू, धाकट्या बाईंनी नांगरट बंद केली, ऐकलंत ना? म्हणतात, माती उलटायची नाही. आता तुमचा वाटाही मागतायत म्हणे.”

“तुला कुणी सांगितलं?”

“हवेतून कळतं. मला काय, मी गरीब माणूस. पण एक सांगतो, हंगामभर पीक घेतलं नाही की जमीन पडीक. पडीक झाली की तुमचा कब्जा कुठे राहिला? सगळं सोडा, पण कागदावर सही देऊ नका.”

मी एवढंच म्हटलं, “माझी काळजी तू नको करूस, डिझेल जळतंय तुझं.” तो गेला. पण शब्द कानात राहिले.

मग ती मातीवाली आली. सरकारी कार्यालयातली कुणीतरी, उन्हाची टोपी, हातात लांब लोखंडी सळई. धाकटी तिच्या मागे पिशव्या घेऊन. सळई जमिनीत दाबायची, बघायची, काहीतरी बोलायची, पुढे सरकायची. तिच्या वाट्यात सळई सरळ आत गेली. मग दोघी बांधाशी आल्या, बांध ओलांडला, आणि माझ्या वाट्यात सळई टेकवली. ती काही आत जाईना. मातीवालीने अंगाचा भार टाकला, तरी सळई वीतभर जाऊन अडली. मी खुर्चीतून सगळं बघत होते. हद्दीचा दगड शोधतायत, दुसरं काय. दगड सापडला की उद्या बांध इकडे सरकवायचा, आणि जुन्या दगडाला कुठेतरी मूठमाती.

संध्याकाळी मी धाकटीला सहज विचारल्यासारखं विचारलं, “कोण गं ती बाई? काय शोधत होती?”

“शोधत नव्हती ताई, माती किती कडक झालीय ते बघत होती.”

“मग माझ्या वाट्यात कशाला?”

“सांगेन तुम्हाला. अजून थोडे दिवस जाऊ देत.”

बघा, म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतंच. सांगण्यासारखं होतं तर थोडे दिवस कशाला जायला हवेत? त्या दिवसापासून मी तिच्याकडचा चहा बंद केला. म्हटलं, डॉक्टरांनी साखर बंद केलीय. डोळ्याच्या डॉक्टरांनी. तिनेही ते ऐकून घेतलं.

वाकायची मोकळीक मिळाली त्याच सकाळी मी खुरपं घेऊन माझ्या वाट्यात उतरले. सुरुवात बांधापासूनच केली, हद्दीचा दगड जागेवर आहे की नाही ते बघायला. दगड होता. पण त्याच्यापासून हातभर अंतरावर जमिनीत एक काडी खोचलेली, टोकाला लाल पट्टी बांधलेली. माझ्या जमिनीत मी कधी काडी खोचत नाही. आणि तिथली माती बाकीपेक्षा जरा वेगळी, कुणीतरी खणून परत दाबल्यासारखी.

मी खुरपं घातलं. ढेकळं निघाली, कडक, कडेला भेगा पडलेल्या. थोडं खाली गेले आणि खुरपं कशाला तरी अडकलं. हाताने माती बाजूला केली. कापड होतं. ओढलं, आणि ते अख्खंच्या अख्खं बाहेर आलं, मातीने मळलेलं, पण धड. बगलेत निळी रफू.

मी तिथेच खाली बसले. ह्यांचं बनियन, ह्यांच्याच जमिनीत, हद्दीच्या दगडाशी, लाल पट्टी बांधून पुरलेलं. करणी म्हणतात ती हीच, आणखी काय असते? माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, पण तिचा असेल. मी घर सोडावं, शेत सोडावं म्हणून केलं असेल? मला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त राग आला, आणि ते बनियन मी छातीशी धरलं होतं हे मला बऱ्याच वेळाने कळलं.

धाकटी तिच्या स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. मी गेले ती सरळ टेबलाशी, आणि बनियन चिरलेल्या भाजीच्या शेजारी आपटलं.

“हे काय आहे?”

मला वाटलं होतं, तिचा चेहरा पांढरा पडेल. तिने हात पुसले, बनियन उचललं, दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरलं. दूध नासल्यावर बाईचा चेहरा होतो तसा तिचा झाला.

“अख्खं निघालं,” ती म्हणाली. “ताई, हे वाईट झालं.”

“वाईट झालं? मला सापडलं म्हणून?”

“नाही. अख्खं निघालं म्हणून. चला माझ्याबरोबर.”

“मी कुठेही येणार नाही. आधी सांग, माझ्या जमिनीत तू काय पुरत होतीस? माझा वाटा हवा होता तर तोंडावर मागायचास. हे असले धंदे कशाला?”

“तोंडावर मागितला होता,” ती शांतपणे म्हणाली, “आणि तुमचा विश्वास बसला नव्हता. म्हणून तर पुरलं. आता या, दुसरं बघायला.”

दुसरं. दोन होती, खरंच. मी तिच्या मागे निघाले.

तिच्या वाट्यात पाय टाकला तर पाय दबला. खाली वाळलेल्या देठांचा थर. पुढे गेल्यावर तशीच काडी, तशीच लाल पट्टी. तिने थर बाजूला केला. खुरपं मागितलं नाही, हातानेच खणायला लागली, आणि माती पिठासारखी बाजूला होत गेली, काळी, ओलसर. दोन गांडुळं अंग चोरून पळाली. ती चाचपत राहिली. मी वरून बघत होते, ह्यांचं बनियन कधी वर येतंय म्हणून.

ते आलं नाही. तिने मातीतून काहीतरी वेचलं, झटकलं, फुंकर मारली आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

निळ्या नायलॉनच्या दोऱ्याची जाळी. मी घातलेले टाके, उभे आडवे, जसेच्या तसे. टाक्यांनी जे धरून ठेवलं होतं ते कापड तेवढं नव्हतं.

“कुठे गेलं?” मी विचारलं.

“मातीने खाल्लं. सुती कापड जिवंत माती खाऊन टाकते ताई, त्यात असंख्य बारीक जीव असतात, ते खातात. माती जिवंत आहे की नाही हे असंच बघतात, मातीवाल्या बाईंनी सांगितलं. दोन्हीकडे एकाच दिवशी पुरली, सारख्याच खोलीवर. माझ्याकडे दोन वर्षं सतत काहीतरी पेरलेलं, अंथरलेलं असतं, तिथे खायला आहे, म्हणून खाणारे आहेत. तुमच्याकडे...” ती थांबली. “तुमच्याकडे उन्हात उघडी जमीन आहे. काडीही ठेवत नाही तुम्ही. खायला काही नाही, मग खाणारं कोण राहील?”

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही रोज उकरून बघितलं असतं.”

उकरलंच असतं मी.

तेवढ्यात तिची नजर माझ्या तळहातावर गेली. तिने एक टाका बोटाने वर उचलला. “हा तर पोती शिवायचा दोरा,” ती म्हणाली. “असा दोरा तुम्हीच वापरता.” मग तिने माझ्या दुसऱ्या हातातलं बनियन बघितलं, त्याचं माप बघितलं. दीर अंगाने किरकोळ, ते त्यात दोनदा मावले असते. “ताई, ही बनियनं कुणाची होती?”

चिंध्या गं त्या, पोत्यातल्या, असं म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. इतकी वर्षं तेच तर म्हणत आले होते.

“ह्यांची,” मी म्हटलं. “मी ठेवली होती.”

ती बांधावर बसली. मग म्हणाली, “मला निव्वळ सुती कापड हवं होतं. घरभर शोधलं, आजकाल सगळ्यात भेसळ असते. पोत्याच्या तळाशी ही दोन मिळाली. चिंध्याच समजले मी. ताई, तुम्ही विचारलं का नाही मला?”

“घेण्याआधी तू विचारलंस का?”

मग मी सगळंच बोलून टाकलं, आता राखून ठेवण्यासारखं होतं काय? म्हटलं, मला वाटलं तू माझा वाटा घशात घालायला निघालीस. पडीक दाखवणार, बांध सरकवणार, आणि मी म्हातारपणी तुझ्या दारात बसणार.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “टकल्या मलाही येऊन सांगतो की मोठ्या बाईंचा तुमच्या वाट्यावर डोळा आहे, काळा चष्मा लावून दिवसभर मोजमाप करत असतात. त्याची नांगरट गेली ना माझ्याकडची.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि त्यातलं एकही थांबवता येईना. हे गेले तेव्हा मी चारचौघांत रडले नव्हते. आता हिच्यासमोर, हातात दोऱ्याची जाळी घेऊन, नाक वाहत होतं माझं. मी ती जमीन ह्यांच्यासाठी साफ ठेवत होते. ह्यांना आवडायची तशी. एवढ्या वर्षांत एक काडी पडू दिली नाही, आणि त्यांच्याच जमिनीला मी उपाशी ठेवलं होतं. ते मला फार लागलं. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, “मोठे भाऊजीही साफच ठेवायचे, त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.” समजूत काढायला बोलली असेल, पण खोटं नव्हतं.

थोड्या वेळाने मी उठले. बांध ओलांडून माझ्या वाट्यात आले, त्याच खड्ड्याशी. बनियन झटकलं, घडी घातली, नीट, कपाटात ठेवतात तशी, आणि खड्ड्यात ठेवलं. धाकटी धावत आली. “ताई, नको. हे तरी ठेवा तुमच्याजवळ. मी दुसरं कापड आणते विकत.”

“पोत्यात ठेवून काय करू? हात घालून बघायचं, आहे की नाही. एवढंच तर करत होते.” मी माती ओढली. “तू तुझं ते काय ते पेर यावर. ताग, चवळी, सगळं पेर. फुलावर आलं की मला बोलव, कापायला मी येते. दुसऱ्या कुणी कापलेलं मला बघवणार नाही.”

तीही माझ्याबरोबर माती दाबायला लागली.

“किती दिवस लागतील, हे खायला?”

“पहिल्या वेळी जास्त. आधी मातीत जीव यावा लागेल.”

“मग मधे उकरून बघायचं नाही. कुणीच.”

“मी नाही उकरणार,” ती म्हणाली. “उकराल ते तुम्ही.”

निळी जाळी मी बटणांच्या डबीत ठेवली आहे, आणि ती तिथे आहे हे धाकटीला माहीत आहे. माझ्या वाट्यात आता ताग गुडघ्याला लागतोय, चवळी त्याच्या पायात गुंतलीय. टकल्या रस्त्यावरून जाताना मान हलवतो, मीही हलवते. लाल पट्टीची काडी झाकून गेली, पण जागा मला अंधारातही सापडेल. रोज जाते मी तिथे, खोटं कशाला बोलू. खुरपंही हातात असतं. अजून उकरलेलं नाही.